वरचा थर

लासलगावच्या बाजार आवारात कांद्याची ट्रॉली लिलावाला लागते तेव्हा तिच्या वाट्याला वेळ येतो तो फार थोडा. पुकारा करणारा आणि त्याच्याभोवतीचा व्यापाऱ्यांचा घोळका रांगेतल्या एकेका वाहनापाशी थांबतो. दोघंतिघं ट्रॉलीत हात घालतात, चार कांदे उचलतात, मान दाबून बघतात, पत्ती सुटलीय का ते बघतात, जोड कांदा किती, डेंगळे किती याचा अंदाज घेतात आणि बोली सुरू होते. चार-साडेचार महिने शेतात राबून, पुढे चाळीत जपून ठेवलेल्या मालाचा भाव एवढ्यात ठरतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. सौदा मात्र तिथे संपत नाही. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, ओतली जाते, आणि वरचा थर निवडलेला व खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किंवा भिजलेला माल निघाला तर व्यापारी वांधा काढतो. भाव पडतो नाहीतर माल परत जातो. म्हणून मुरलेला व्यापारी वरचा कांदा डोळ्यांनी बघतो आणि हात मात्र कोपरापर्यंत खाली घालतो.

डेटा ॲनालिटिक्सच्या नोकरीची मुलाखतही याच चालीने होते. निफाड, चांदवड, येवला भागातली मुलंमुली नाशिकच्या किंवा चांदवडच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुण्यामुंबईच्या कंपन्यांत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वरच्या थराबद्दलच असतो. इस्त्रीचे कपडे घाला, नजरेला नजर द्या, व्हिडिओवर मुलाखत असेल तर मागची भिंत मोकळी ठेवा, आत गेल्या गेल्या हसा. यात चुकीचं काही नाही. मातीने लडबडलेला कांदा कोणी लिलावाला नेत नाही. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पहिली छाप ही कामाच्या आधीची, कामाहून वेगळी काहीतरी चीज आहे. या प्रकरणाचं म्हणणं उलट आहे. या नोकरीत टिकणारी पहिली छाप पडते ती उमेदवार समोरच्या आकड्याकडे कसं बघतो यावरून; आकडा दिसताच बेरीज करायला धावतो, की हा आकडा कोणी, कुठे, कसा लिहिला असेल हे आधी विचारतो, यावरून. आणि लासलगावच्या उमेदवाराकडे हे दाखवायला जे साहित्य आहे ते पुण्याच्या कोचिंग क्लासात मिळणाऱ्या साहित्यापेक्षा सरस आहे.

आधी छापेच्या जोराबद्दल. मुलाखत घेणारा पहिल्या चार मिनिटांत निकाल लावून मोकळा होतो, हे वाक्य करिअर मार्गदर्शनाच्या प्रत्येक शिबिरात ऐकू येतं. त्याचं मूळ १९५०च्या दशकातल्या, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधनात आहे, आणि तिथे तपासलेले मुलाखतकार मोजकेच होते. २०१६ साली रेचेल फ्रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक मुलाखती तपासल्या तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं. पहिल्याच मिनिटात मत ठरल्याचं शंभरातल्या पाचेक मुलाखतींतच आढळलं. पंधरा मिनिटांपर्यंत मात्र निम्म्याहून अधिक ठिकाणी निर्णय झालेला होता. म्हणजे दार उघडताच निकाल लागतो ही भीती अवास्तव आहे, पण अर्धा तास हातात आहे हा भरवसाही खरा नाही. याहून उपयोगाचा अभ्यास १९९४चा, डॉगर्टी, टर्बन आणि कॅलेंडर या तिघांचा. अर्ज वाचून मुलाखतकाराचं जे मत बनतं ते पुढच्या बोलण्यात कसं उतरतं हे त्यांनी ध्वनिमुद्रित मुलाखतींतून पाहिलं. मत चांगलं झालं असेल तर मुलाखतकार मोकळेपणाने बोलतो, कंपनीची माहिती देऊ लागतो, उमेदवाराला खोदून विचारणं कमी करतो. सुरुवातीच्या गप्पांत पडलेली छाप शेवटच्या गुणांशी आणि नोकरीच्या देकाराशी जोडलेली असते, हेही मरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं.

या अभ्यासांतून लोक सहसा एवढाच धडा काढतात की सुरुवात गोड करा. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पहिली छाप निकाल लावते त्याहून जास्त ती पुढचे प्रश्न ठरवते. मुलाखत ही साखळी आहे. पहिली कडी जिकडे वळते तिकडे पुढच्या कड्या जातात. ‘स्वतःबद्दल सांगा’ या पहिल्या प्रश्नाला उमेदवाराने आपलं गाव, पदवी, टक्के, आणि मग पायथन, एसक्यूएल, पॉवर बीआय, टॅब्लो अशी यादी म्हणून दाखवली, तर मुलाखतकाराच्या हाती त्या यादीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवण्यापलीकडे काही उरत नाही. मग लेफ्ट जॉइन म्हणजे काय, विंडो फंक्शन म्हणजे काय असे पाठांतराचे प्रश्न येतात, आणि पाठांतरात उमेदवारासारखे पन्नास जण बाहेर बसलेले असतात. प्रकल्प विचारला तर टायटॅनिक निघतं. बुडालेल्या जहाजाच्या ८९१ प्रवाशांचा तो तक्ता जगभरच्या नवशिक्यांनी इतका घासला आहे की मुलाखतकाराला कुठल्या ओळीत वय गाळलेलं आहे हेही तोंडपाठ असतं. देशातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारांपैकी एकाच्या दारात वाढलेल्या मुलीने अटलांटिकमधलं जहाज घेऊन पुण्याला जावं, हा प्रकार माझ्या मते उसाच्या फडात उभं राहून बाहेरून साखर मागवण्यासारखा आहे.

आता तिने काय न्यायला हवं ते जरा जवळून बघू. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. विंचूर आणि निफाड इथे तिचे उपबाजार. पुण्याच्या राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर या बाजाराची रोजची एक ओळ येते: बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. केंद्र सरकारच्या, २००० साली सुरू झालेल्या ॲगमार्कनेटवरही असेच आकडे आहेत. सात रकाने, रोज एक ओळ. याहून साधा तक्ता सापडणार नाही. आणि तरीही यातला एकेक रकाना नवख्याला खड्ड्यात घालायला पुरेसा आहे.

सर्वसाधारण दर घ्या. बहुतेक जण त्याला सरासरी समजतात. तो सरासरी नाही. बहुतांश माल ज्या भावाच्या आसपास गेला तो हा दर. समजा, एखाद्या दिवशी कमीत कमी ७००, जास्तीत जास्त २,८५१ आणि सर्वसाधारण २,३०० असे आकडे आले. टोकाच्या दोन दरांची सरासरी १,७७५ येते, म्हणजे सर्वसाधारण दराहून सव्वापाचशे रुपये कमी. यात लपवाछपवी काही नाही. ७००चा भाव गोल्टीच्या किंवा खाद मालाच्या एखाद्या वाहनाला मिळालेला असू शकतो, २,८५१चा एखाद्याच निवडक ट्रॉलीला, आणि बाकी सगळा बाजार २,३००च्या अंगाने चाललेला. टोकाचे आकडे किती वाहनांवर उभे आहेत हे ती ओळ सांगत नाही. मुहूर्ताच्या दिवशी तर जास्तीत जास्त दराचा अर्थच बदलतो. लाल कांद्याच्या हंगामात पहिल्या वाहनाची पूजा होते, शेतकऱ्याचा सत्कार होतो आणि त्या वाहनाला मानाचा म्हणून चढा भाव दिला जातो. तक्त्यात तो आकडा इतरांसारखाच बसतो. संख्याशास्त्राचं पुस्तक त्याला टोकाचं मूल्य म्हणेल आणि काढून टाकायला सांगेल; बाजाराजवळ राहणाऱ्याला तो का आला आणि काढावा की ठेवावा हे दोन्ही सांगता येतं.

सरासरीचीच दुसरी गंमत आवकेची. समजा, एका दिवशी २०,००० क्विंटल माल १,२०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल माल २,१०० रुपयांनी. दोन दिवसांच्या भावांची सरळ सरासरी १,६५० येते, आणि एखाद्या अहवालात ‘भाव १,६५० राहिला’ असं छापूनही येईल. पण विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे शेतकऱ्यांच्या नावे पडले ते सुमारे १,२८२ रुपये, कारण स्वस्त दिवशी दहापट माल गेला. यातली कुठली सरासरी बरोबर हे गणित सांगत नाही. प्रश्न कोण विचारतंय यावर ते ठरतं. दोन्ही दिवशी एकेक ट्रॉली आणणाऱ्याला काय भाव पडला हे बघायचं असेल तर पहिली, तालुक्यात पैसा किती आला हे बघायचं असेल तर दुसरी. त्यातही नावे पडलेले पैसे आणि हातात पडलेले पैसे एक नव्हेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला. भावाच्या तक्त्यात अशी विक्री शंभर रुपये क्विंटल म्हणूनच दिसते. विक्रीच्या पट्टीतली वजावट त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नसते.

पण सगळ्यांत बोलका असतो तो गाळलेला दिवस. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी रीत; लासलगावनेही ती अनेक दशकं पाळली आणि अलीकडे सोडली. पुण्यातल्या एखाद्या ॲनालिस्टने जुन्या वर्षांचे आकडे उघडले तर त्याला दर महिन्यात एखादी ओळ गायब दिसेल. तारीख ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. तो म्हणेल, तुरळक गळती आहे, आदल्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी टाकून भरून काढू. लासलगावची मुलगी पंचांग शेजारी ठेवून बघेल. आणि मग तिला पुढचंही दिसेल, की बंदच्या दुसऱ्या दिवशी साठलेला माल एकदम येतो, आवक फुगते, आणि ती फुगवटी पिकाची नव्हे तर सुट्टीची असते. ती ओळखली नाही तर पुरवठ्याचा धक्का म्हणून मॉडेलमध्ये शिरते. शिवाय बंद दिवस तक्त्यात कसा नोंदवला यावर सरासरी हलते. त्या जागी शून्य लिहिलं असेल तर एसक्यूएलची सरासरी ते शून्य धरते आणि भाव खाली ओढते. जागा रिकामी, म्हणजे नल, असेल तर ती सोडून देते. ओळच नसेल तर त्या दिवसाचा पत्ताच लागत नाही. तीन नोंदी, तीन उत्तरं, आणि एसक्यूएलचा आदेश मात्र एकच.

बाकीचे खड्डे भरभर सांगतो. एका ठिकाणी आवक क्विंटलमध्ये असते, दुसऱ्या ठिकाणी टनात. दोन्ही तक्ते जोडले की दहापटीचा घोळ. पणन मंडळाच्या यादीत लासलगाव, लासलगाव - निफाड आणि लासलगाव - विंचूर अशा वेगळ्या नोंदी येतात; नुसतं ‘लासलगाव’ शोधलं की उपबाजार सुटतात, नावाच्या सुरुवातीवरून शोधलं की तिन्ही बाजार एकात मिसळतात. वर्षाच्या काही आठवड्यांत लाल आणि उन्हाळ कांदा एकाच आवारात येतो; दोन्हींचे भाव जागचे हलले नाहीत तरी आवकेतला वाटा बदलला की एकत्रित भाव चढल्या-उतरल्यासारखा दिसतो. आणि काही खाचा सरकारी आदेशांच्या आहेत. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, २० सप्टेंबरपासून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ला ती उठली. या तारखा ठाऊक नसलेल्याला त्या काळातली भावाची रेघ नुसती अस्थिर दिसते. लासलगावच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या कुणालाही त्या तोंडपाठ असतात.

तर मग ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचं उत्तर कसं असावं? समजा, ती म्हणाली: “मी लासलगावची, सर. आमच्या बाजारातल्या कांद्याचे २०१५ ते २०१९चे रोजचे भाव मी उतरवून घेतले. दर महिन्याला एखाद्या दिवसाची ओळ गायब होती. आधी वाटलं साइट बंद पडत असेल. मग पंचांग लावून बघितलं, तर अमावास्या. त्यामुळे ते दिवस मी भरून काढले नाहीत, सुट्टी म्हणून वेगळे धरले, आणि दुसऱ्या दिवसाची आवक वेगळी तपासली.” एवढं बोलायला मिनिटभर पुरतं. यात पायथनचं नाव नाही, पण ते काम कशात केलं हा पुढचा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर तिच्या हातात असतं. विनय दाखवायला वेगळं वाक्य लागत नाही, कारण ‘आधी वाटलं’ यात आपली चूक सांगणं आलंच. मुख्य म्हणजे साखळीची पहिली कडी तिने आपल्या अंगणात टाकली. आता मुलाखतकार जे विचारेल ते तिने स्वतः हाताळलेल्या मालाबद्दल असेल.

आकडा कसा तयार झाला हे आधी विचारायचं, ही काही मुलाखतीपुरती युक्ती नव्हे. ती या शास्त्राची जुनी सवय आहे, आणि तिच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. १९४०च्या दशकात देशात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज नमुना कापणीवरून काढायची पद्धत बसत होती आणि कापणीचा तुकडा केवढा असावा यावर वाद होता. लहान तुकडे घेतले की कमी खर्चात जास्त ठिकाणी पोचता येतं, हा संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या बाजूचा मुद्दा. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उतारा फुगतो, आणि १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तसं मांडलं. कारण सूत्रात नव्हतं, बांधावर होतं. तुकड्याची सीमा आखणारा माणूस रेघेवर आलेलं रोप आत धरतो की बाहेर, यात त्याचा हात नकळत आत झुकतो. तुकडा लहान तर क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, म्हणून चूकही जास्त. त्या काळातलं सर्वांत प्रगत गणित दोन्ही बाजूंकडे होतं. फरक पडला तो रोप कोण मोजतंय आणि कुठे उभं राहून मोजतंय याकडे पाहिल्यामुळे. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. अमावास्येची ओळ शोधणारी मुलगी त्याच घराण्यातली आहे, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मुलाखतीत प्रश्न विचारत बसणारा उमेदवार कच्चा वाटतो. समोर तक्ता ठेवला की झटपट उत्तर काढणारा हुशार दिसतो. आक्षेपात तथ्य आहे, पण ते प्रश्नाच्या जातीबद्दल आहे. ‘यात काय करायचं आहे?’ हा प्रश्न कच्चा. ‘एक ओळ म्हणजे एक विक्री की एका दिवसाची बेरीज?’ हा पक्का, कारण उत्तर बदललं तर पुढचं सगळं गणित बदलतं. कसोटी सोपी आहे: आपल्या प्रश्नाच्या उत्तराने आकडा हलणार आहे का? हलणार नसेल तर विचारू नये. असे एकदोन प्रश्न पुरतात. उत्तर मिळालं नाही तर ‘मी एका दिवसाची बेरीज धरून चालते’ असं म्हणून कामाला लागावं. व्यापारीही ट्रॉलीतले चारच कांदे बघतो, सगळी ट्रॉली उपसत नाही.

दुसरा आक्षेप, मुलाखतीपर्यंत पोचणंच अवघड. आधी अर्ज गाळणारी संगणकप्रणाली, मग ऑनलाइन एसक्यूएल चाचणी, तिथे अमावास्या कोणाला सांगायची? खरं आहे, आणि या प्रकरणाला त्यावर तोड नाही. जॉइन आणि ग्रुप बाय सफाईने आल्याखेरीज त्या दारातून आत जाता येत नाही. फक्त एवढंच, की आज तसे आदेश लिहून द्यायला यंत्रं तयार आहेत, आणि बंद दिवसाचं शून्य खरं की खोटं हे लासलगावबाहेर बसलेल्या यंत्राला आपोआप कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. पहिली छाप आकड्यावर पडायच्या आधीच आडनावावर, गावावर, उच्चारांवर पडलेली असते. हे नुसतं मनाचं दुखणं नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. दलित आणि मुस्लीम नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणं गरजेचं मानतात. इंग्रजीचा अडसर तर ग्रामीण उमेदवाराला कोणी सांगायला नको. उमेदवाराने चांगली सुरुवात केली की हे सगळं वितळून जाईल असं म्हणणं खोटं ठरेल. दुरुस्ती कंपनीच्या बाजूने व्हायला हवी. त्यासाठीचा पुरावाही आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडपद्धतींच्या जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा सर्वांना ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने विचारून गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामाशी संबंध ०.४२ निघाला, मनाला येईल तसं विचारणाऱ्या मुलाखतीचा ०.१९. गप्पांची मुलाखत कंपनीलाच महाग पडते. तोवर उमेदवाराच्या हाती एकच गोष्ट राहते, बोलणं आपल्यावरून टेबलावरच्या आकड्यांवर लवकर नेणं. ‘घरी कोण कोण असतं?’ या प्रश्नाला जागा राहते ती टेबल रिकामं असेपर्यंत. लासलगाव हे नाव उच्चारल्यावर समोरच्याच्या मनात ‘लहान गाव’ उमटायच्या आत ‘रोज हजारो क्विंटलच्या नोंदी’ उमटल्या, तर निदान झुकलेलं पारडं थोडं तरी सावरतं. इंग्रजी अडखळलं तरी तक्ता अडखळत नाही.

आणखी एक शंका रास्त आहे. कंपनी विमा विकते, साबण विकते. तिला कांद्याचं काय? काहीच नाही. पण तिच्याही दुकानांना सुट्ट्या असतात, परत आलेला माल विक्रीत मोजला जातो, दोन शाखा एकाच नावाखाली जोडल्या जातात, जानेवारीत नवं सॉफ्टवेअर आल्यामुळे रेघेला खाच पडते. कांदा ओळखणाऱ्याला या खाचा दिसतात.

आणि समजा, हे प्रकरण वाचून निफाड तालुक्यातल्या प्रत्येकाने अमावास्येचा किस्सा पाठ केला तर? मग ते दुसरं टायटॅनिक होईल, हे मान्य. पण मुलाखतकारही हात खाली घालणारा असतो. तो विचारेल, बंदच्या दुसऱ्या दिवशी आवक वाढली म्हणता, मग भाव पडला का? किती? आठवड्याच्या सुट्टीनंतरही तसंच होतं का? लाल कांद्याला होतं आणि उन्हाळला नाही, असं का? उन्हाळ कांदा चाळीत थांबू शकतो, लाल तसा थांबत नाही, हे ज्याने आकडे उलटेपालटे केले त्याला सुचेल. ज्याने वाक्य पाठ केलं तो तिथे गप्प होईल. वांधा तिथेच निघेल, आणि तो खळ्यावर, म्हणजे नोकरी लागल्यानंतर, निघण्यापेक्षा बरा.

मुलाखतीच्या शेवटी बहुतेक ठिकाणी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ इथे बरेच जण सुट्ट्यांचं धोरण किंवा प्रशिक्षण विचारतात. लासलगावच्या मुलीने विचारावं, “ज्या दिवशी तुमची शाखा बंद असते, त्या दिवशी तक्त्यात शून्य येतं की ओळच नसते?” समोरच्यांनी लगेच उत्तर दिलं तर चांगलंच. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तर या कंपनीत आपला पहिला महिना कशात जाणार आहे, हे तिला खुर्चीतून उठायच्या आत कळलेलं असेल.